एका चेहऱ्यावर चार घरं

जळगाव, ९ फेब्रुवारी १९३६

सरकी काढणाऱ्या जिनांचा हंगाम आहे. दिवसभर कापसाचे तंतू हवेत तरंगत असतात आणि अंगणात, उंबऱ्यावर, लोणच्याच्या बरणीवर हळूच येऊन बसतात. ओढणीतून पाहिलं की ते केशरी दिसतात, जणू न भाजणाऱ्या ठिणग्याच. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी सगळं केशरीच पाहत आले आहे. आमच्यात सून सासू-सासऱ्यांपुढे तोंड उघडं ठेवत नाही, आणि दिवसाउजेडी नवऱ्यापुढेही नाही.

माझ्या खोलीत मात्र मी ओढणी काढते आणि खिडकीशी छोटा आरसा धरते. दोन्ही गालांवर तपकिरी डाग आहेत. ते मैना झाली तेव्हापासूनचे. नाकाच्या कडेला लाली असते आणि तिथून कोंडा सुटतो. आता दिवाळीपासून हनुवटीवर मुरमे आली आहेत. ही सोळाव्या वर्षी यायची गोष्ट, मला अठ्ठाविसाव्या वर्षी आली. कधी कधी वाटतं, हा चेहरा माझा एकटीचा राहिला नाही, त्यात भाडेकरू येऊन राहिले आहेत.

मैना सहा वर्षांची आहे. आज ती माझ्या ओढणीत शिरून गालाला गाल लावत होती, तेव्हा सासूजींनी तिला उचलून घेतलं. "माँच्या तोंडाला तोंड लावायचं नाही," एवढंच म्हणाल्या. कशाची भीती ते त्या बोलत नाहीत, पण मला माहीत आहे. बोदवडच्या एका घरातल्या सुनेला महारोग झाला असं ठरलं. तिला माहेरी धाडलं आणि मूल ठेवून घेतलं. मला डागांचं एवढं वाटत नाही. मैनेचं वाटतं.

घरात आम्ही मारवाडी बोलतो. लिहिते मात्र मराठीत, कारण धुळ्यातली माझी शाळा मराठी होती.

१६ फेब्रुवारी

जीवराम वैद्य आले होते. मी, घरची बीनणी, म्हणजे सून, दाराआड बसले. वैद्यबुवा सासूजींना म्हणाले, "सायरबाई, नाडी पाहून ताप कळतो, तोंड कळत नाही. बीनणीचं तोंड बघायचं नाही, मग मी औषध कशाला देऊ? दाराला?"

सासूजींनी थोडा विचार केला आणि कमलबाईंना हाक मारली. कमलबाई माझ्या नणंद. लग्नानंतर वर्षाच्या आत विधवा होऊन परत आल्या, तेव्हापासून इथेच असतात. लेकीला माहेरात पडदा नसतो, त्यामुळे त्यांचं तोंड वैद्यबुवा लहानपणापासून पाहत आले आहेत. सासूजी म्हणाल्या, "हिच्या तोंडावर काढून दाखवते. बीनणी आतून सांगेल."

मग मी दाराच्या फटीतून कुजबुजायचं आणि कमलबाईंनी काजळाच्या डबीत बोट बुडवून स्वतःच्या तोंडावर खूण करायची, असं चाललं. "गालाच्या हाडावर, पसरट." त्यांनी लावलं. "हनुवटीवर ठिपके." लावले. "नाकाच्या कडेला, पण तिथे लाल आहे."

"लाल कुठून आणू, भाभी? काजळ काळंच असतं," कमलबाई म्हणाल्या. "आणि लवकर सांगा, अजून कान कोरे आहेत."

वैद्यबुवा हसले. मलाही आत हसू आलं. फटीतून मला माझाच चेहरा दुसरीच्या अंगावर बसलेला दिसत होता, काळा आणि नीटस, आणि तो माझ्याकडे न बघता वैद्यांकडे बघत होता. स्वप्नात आपण आपल्याला पाठमोरं पाहतो, तसं काहीतरी.

वैद्यबुवा म्हणाले, "सगळे काळे डागच आहेत. एका लेपाचं काम." जाताना सासूजींनी त्यांना दारात थांबवून हळूच काही विचारलं. त्यांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही, ते ओढणीतून कळलं नाही.

२८ फेब्रुवारी

लेप पांढरा आहे, थिजलेल्या तुपासारखा, आणि त्याला नव्या भांड्यासारखा वास येतो. सकाळी आणि दुपारी लावते. सगळीकडे लावायचा असं सांगितलंय.

गालांवरचे डाग खरोखर फिके झालेत. आज कितीतरी वेळ आरसा धरून बसले. ह्यांना दाखवावं असं मनात आलं, पण हे खोलीत येतात तेव्हा कंदील बारीक केलेला असतो आणि दिवसभराच्या सौद्यांनी दमलेले असतात. हे कधी माझ्या चेहऱ्याबद्दल बोलत नाहीत. मला वाटतं, मला वाईट वाटू नये म्हणून.

१४ मार्च

तोंड पेटल्यासारखं झालंय. नाकाच्या बाजूची कातडी सोलली, आणि डाग फिके झाले तिथे आता पांढरे चट्टे दिसतात. तरी लेप लावते आहे. आधी भाजेल, मग उजळेल, असा सासूजींचा निरोप आहे.

डोळा लागला की एकच स्वप्न पडतं. माझा चेहरा म्हणजे एक भिंत आहे. कोणीतरी चुन्याचा हात मारतंय, आणि भिंतीच्या आतून मी म्हणते आहे, खिडक्या तेवढ्या ठेवा.

आज अंगणात मैनेला पडताना सावरायला धावले आणि ओढणी घसरली. सासूजी समोरच होत्या. दुपारचं ऊन होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग मैनेचा हात धरून तिला आत नेलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१९ मार्च

मला हवापालटासाठी धुळ्याला, माहेरी पाठवायचं ठरलं आहे. सासूजी किती गोडीनं बोलल्या. "आईच्या हातचं खा. घाई करू नकोस." मैनेची शाळा बुडायला नको म्हणून ती इथेच राहील. मी म्हटलं, बालवर्गातली शाळा, चार दिवस बुडली तर काय. त्यावर त्या ऐकू न आल्यासारख्या तांदूळ निवडत राहिल्या.

घरात पाहुण्यांची तयारी दिसते. पारोळ्याहून कोणी येणार आहेत म्हणे. धाकटे दीर रुपचंद यंदा एकोणीसचे झाले, तेव्हा त्यांचंच बोलणं असणार. ह्यांनीही न्हाव्याकडून दाढी गुळगुळीत करून घेतली आणि नवी पगडी बांधायला टाकली. धाकट्या भावाच्या कार्याची केवढी हौस.

कमलबाई माझी ट्रंक भरताना रडत होत्या. मी म्हटलं, "महिन्याभरात येते, वेड्यासारखं काय?" त्यांनी ट्रंकेत माझ्या सगळ्या साड्या घातल्या, थंडीतल्या शालीसकट.

धुळे, २५ मार्च

इथे ओढणी नाही. लेकीला कुणासमोर पडदा? पहिले दोन दिवस डोळे दिपत होते. झाडाचा हिरवा एवढा हिरवा असतो, हे मी विसरले होते.

आईनं मला पाहिलं आणि ती चूल पेटवायला गेली. बापूजी दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. डॉक्टर प्रमिलाबाई पांझरा नदीच्या बाजूला एका घरात बायकांचा दवाखाना चालवतात. त्यांनी मला खोलीत बसवलंच नाही, अंगणात उन्हात खुर्ची टाकली. माझी हनुवटी दोन बोटांनी धरली आणि पाहायला लागल्या. एवढा वेळ माझ्याकडे कोणी पाहिलं असेल असं आठवत नाही. मला झोप येऊ लागली.

मग म्हणाल्या, "डोळे मिटा. मी स्पर्श करीन तिथे बोट ठेवा." कापसाचा पेळू होता. गालावर टेकला, मी बोट ठेवलं. पांढऱ्या चट्ट्यावर टेकला, ठेवलं. मग टाचणीचं टोक. प्रत्येक वेळी कळलं. डोळे मिटलेल्या अंधारात कुणी माझ्या तोंडावर एकेक दिवा लावत जावा, तसं वाटलं.

"महारोग नाही," त्या म्हणाल्या. "त्यात स्पर्श कळत नाही. कोडही नाही. काय लावत होता?"

मी डबी दिली. त्यांनी वास घेतला आणि झाकण लावून स्वतःकडेच ठेवली. "यात पारा आहे. देणाऱ्यानं तुमचं तोंड पाहिलं होतं?"

मी कमलबाई आणि काजळाची गोष्ट सांगितली. त्या हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

"ऐका," म्हणाल्या. "एका गल्लीत चार घरं असतात, तशी तुमच्या चेहऱ्यावर आहेत. गालावर वांग. ते बाळंतपणानं येतं, उन्हानं वाढतं. हनुवटीवर मुरमे. ती मोठेपणीही येतात, लाजायचं कारण नाही. नाकाच्या कडेला कोंडा, डोक्यात होतो तोच. आणि चौथं घर त्या लेपानं बांधलं, भाजलेली कातडी. चौघांची भांडणं वेगळी. सगळ्यांना एकच चाबूक मारला की गल्ली पेटते."

"जाईल का सगळं?"

"तीन जातील. वांग फिकं होईल, पुरतं जाईल असं मी सांगणार नाही."

येताना बापूजींनी टांग्यात विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "महारोग नाही." बापूजींनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि टांगेवाल्याशी घोड्याच्या वयावरून बोलायला लागले.

३ एप्रिल

आधी सगळं बंद. नुसतं गार पाणी आणि दुधाच्या घड्या, मग जस्ताचं मलम. भाजलेलं निवल्यावर गंधकाचं पाणी, तेही फक्त हनुवटीवर. एकाच्या औषधाचा थेंब दुसऱ्याच्या घरात जाऊ द्यायचा नाही. मी विचारलं, "उन्हात ओढणी घेऊ का?" प्रमिलाबाई म्हणाल्या, "जरूर घ्या. ओढणीचा तेवढा एक फायदा आहे."

बापूजींनी जळगावला पत्र टाकलं की रोग नाही. उत्तर आलं नाही.

काल स्वप्न पडलं. मी चेहरा काढून पांझरेत धुतला आणि लुगड्यासारखा वाळूवर वाळत घातला. चार कोपऱ्यांवर चार दगड. पलीकडच्या काठावर मैना उभी होती आणि विचारत होती, यातली माझी माँ कोणती. मी हाक मारायला गेले, पण तोंड तर वाळत होतं.

१८ एप्रिल

भिकुबाई आली. ती जळगावला आमच्याकडे धुण्याभांड्याला असते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी शिंदखेड्याला निघाली होती, वाट वाकडी करून मला भेटायला उतरली. मला पाहून तिनं कडाकडा बोटं मोडली. "माय, तोंड तं निव्वळ निवळी गयं तुनं."

खरंच निवळलंय. लाली गेली. चट्ट्यांत कडेकडेनं रंग भरतो आहे. हनुवटीवर एक-दोन पुटकुळ्या आहेत, त्यांचा आता राग येत नाही.

मी मैनेचं विचारलं. बरी आहे. मग भिकुबाई म्हणाली, "पारोळानी पोर दखाले गयतात बठ्ठा. गोरी शे. सोळानी व्हई."

"सगळे मुलगी पाहून आले? रुपचंदना पसंत पडली का?"

"रुपचंदशेठ तं अमळनेरले मॅट्रिकमा शेत. त्यास्ले कोन्ही बलायंच नही."

परीक्षा असेल म्हणून बोलावलं नसेल, मी म्हटलं. आमच्यात मुलगी घरातली मोठी माणसंच पाहतात.

भिकुबाई तंबाखू मळत राहिली. मग म्हणाली, "मोठी बाई बोलनी, नवी नवरी तुनी माडीवरनी खोलीमा ऱ्हाई."

मी म्हटलं, बरोबरच आहे, रुपचंदची खोली लहान आहे, वर कौलं गळतात. मी मैनेला घेऊन खाली कमलबाईंजवळ झोपेन. मला वर चढ-उतर करायची तशीही हौस नाही.

भिकुबाईनं तंबाखू गालात धरली. "तू भलती साधी शे, माय," म्हणाली. आई दारात उभी होती. तिनं भिकुबाईला चहाचं निमित्त करून आत बोलावलं. दोघी बराच वेळ हळू बोलत होत्या. मी अंगणात बसून निंबाचा मोहोर गळताना पाहत होते. जेवताना आईचे डोळे सुजलेले दिसले. कांदा चिरत होती म्हणाली, पण ताटात कांदा नव्हता. चैत्र सोसत नाही तिला.

२४ एप्रिल, आखाजी

आज जे घडलं ते नीट लिहायला हवं. नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

शेजारच्या उखर्डू आबांच्या अंगणात निंबाला झोका बांधला होता. माहेरवाशिणी गौराईची गाणी म्हणत होत्या. आबांच्या सुनेनं हट्टानं मला तिचं हिरवं लुगडं नेसवलं. "मारवाडीण झोक्यावर बसली तं निंब काही मोडत नाही," म्हणाली. मी बसले. झोका वर गेला की आमच्या घराची कौलं खाली, आणि खाली आला की आभाळ वर. मधे कुठेतरी मी होते, उघड्या तोंडाची. सगळ्या बायकांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येत होता.

झोका थांबला तेव्हा कुंपणाशी हे उभे होते. हातात छत्री, पगडीवर मोटारीची धूळ. माझ्याकडेच पाहत होते.

हे म्हणाले, "बाई, शेजारी कुलूप दिसतंय. कुसुमलता कुठे गेली, ठाऊक आहे का? जळगावहून आलेत म्हणून सांगा."

मला वाटलं थट्टा करतात. पण ह्यांना थट्टा येत नाही. उन्हानं डोळे बारीक केलेले, आणि त्यांत परक्या बाईशी बोलतानाची अदब.

"मीच," मी म्हटलं.

आवाज ओळखीचा वाटला तसे हे वळून आमच्या बंद दाराकडे पाहायला लागले. मी पुन्हा म्हटलं, "इकडे. मीच आहे."

मग ह्यांनी पाहिलं. मागे बायका हसू दाबत होत्या. आबांची सून म्हणाली, "पावणं, बायको विसरले का घरी?" ह्यांचा चेहरा लाल झाला, आणि मला उगाच वाटलं, यावर जस्ताचं मलम चालेल.

दुपारभर हे ओसरीत बसून होते. आई-बापूजी देवळातून आले. नमस्कार झाले, पण आई समोर आली नाही, बापूजी पाणी देऊन आत गेले. हे मला म्हणाले, "बस. माझ्या आईनं एक निरोप दिलाय." मी बसले. हे पाण्याचा पेला फिरवत राहिले.

मी म्हटलं, "वांग पुरतं जाणार नाही म्हणतात डॉक्टरीणबाई. बाकीचं जाईल. आईंना तसं स्पष्ट सांगा, मला लपवायचं नाही. फक्त मैनेला माझ्याजवळ येऊ द्या. काही चिकटत नाही तिला."

"तुझे डोळे घारे आहेत," हे म्हणाले.

"लहानपणापासून."

"हो, असणारच." पुन्हा पेला फिरवला. "मला ठाऊक नव्हतं."

निरोप काय होता, ते मी दोनदा विचारलं. दुसऱ्या खेपेला म्हणाले, "आता नाही."

२५ एप्रिल

हे मला घेऊन प्रमिलाबाईंकडे गेले. खुर्ची पुन्हा उन्हात. ह्यांनी उभ्या-उभ्या विचारलं, "मुलीला चिकटेल का?"

"नाही."

"पुढं वाढेल?"

"ऊन, चूल आणि वैद्याचा लेप टाळला तर नाही." मग प्रमिलाबाई ह्यांना म्हणाल्या, "तुम्ही पाहिलंत का नीट? या इकडे. हे वांग. हे मुरूम. दोन्ही वेगळी. पुढच्या वेळी घरात कोणी बोललं, तर तुम्हाला सांगता आलं पाहिजे."

हे वाकून पाहू लागले. शाळेत नकाशा पाहतात तसे. मी डोळे मिटून घेतले. ह्यांच्या श्वासाला बडीशेपेचा वास होता.

रस्त्यात म्हणाले, "उद्या सकाळच्या मोटारीनं निघू. ट्रंक भर."

आईनं ट्रंक भरली. या वेळी तीही रडली, पण निराळं. तिनं ह्यांना स्वतःच्या हातानं वाढलं आणि नको-नको म्हणताना दोनदा तूप घातलं.

जळगाव, २६ एप्रिल

पोचलो. मैना माझ्या मांडीवर बसून लिहू देत नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. सासूजी अजून खोलीबाहेर आलेल्या नाहीत. कमलबाई म्हणतात, येतील, दोन दिवस जाऊ दे.

वाटेतलं एक सांगायचं राहिलं. पारोळ्याला मोटार पाणी भरायला थांबली. किल्ल्याच्या खंदकावरून गरम वारा येत होता. हे म्हणाले, "एक काम आहे. तू बस." आणि रस्त्यापलीकडच्या एका दुकानात गेले. वर माडी होती. मारवाडी घर असावं, दारावर आंब्याची पानं ताजी होती.

आतून आवाज चढलेले ऐकू आले. ह्यांचा नाही, दुसऱ्या कुणाचा. मग एकदम शांत झालं. थोड्या वेळानं हे ओट्यावर आले आणि एका म्हाताऱ्या शेठजींना वाकून नमस्कार केला. शेठजींनी मान वळवून घेतली. हे येऊन बसले तेव्हा अंगरखा पाठीला चिकटला होता, पण खांदे सैल सोडले होते.

"काय झालं?"

"दिलेला शब्द होता. परत घेतला."

"कपाशीचा?"

हे थोडं हसले. "हं. नुकसान झालं असतं."

मी जास्त विचारलं नाही. धंद्यातलं मला कळत नाही. पण शेठजींना एवढं लागलं म्हणजे सौदा मोठाच असावा.

उकाडा फार होता आणि सासरच्या ओळखीचं कोणी नव्हतं, म्हणून मी ओढणी कपाळावर सरकवली. वर पाहिलं, तर माडीच्या खिडकीत एक मुलगी उभी होती. गोरी, पंधरा-सोळाची, हातावर कालपरवाची मेंदी. ती मला पाहत होती. माझे डाग पाहत असेल, असं वाटलं, पण तिची नजर तशी नव्हती. शाळा अचानक सुटल्यावर पोरी दारात उभ्या राहतात, अजून खरं न वाटून, तशी ती दिसत होती.

तिच्या हनुवटीवर मुरमे होती. त्यांवर पांढरं काहीतरी थापलेलं उन्हात चकाकत होतं. मला राहवलं नाही. मी माझ्या हनुवटीला बोट लावलं आणि तिला खुणेनं सांगितलं, नको, ते लावू नकोस, पुसून टाक.

ती आधी गोंधळली. मग पदराच्या टोकानं हळूहळू हनुवटी पुसायला लागली, माझ्याकडे बघत. सगळं पुसलं गेल्यावर तिनं मान वाकडी करून विचारलं, झालं का? मी मान डोलावली. मोटार सुरू झाली.

ह्यांनी विचारलं, "कोण होतं?"

"कोणास ठाऊक," मी म्हटलं. "पण फार गोड मुलगी आहे."